बाण घडवणाऱ्याची मजुरी

दत्तगुरू, तू चोवीस गुरू केलेस. यदुराजाने विचारलं तेव्हा कोणाकडून काय शिकलास ते एकेकाचं नाव घेऊन सांगितलंस. त्या यादीत पृथ्वी आहे, वारा आहे, समुद्र आहे, अजगर आहे आणि पोटापाण्याच्या विवंचनेतली माणसंही आहेत. एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठीत केलेली टीका आमच्या घरात आजीच्या आधीपासून वाचली जाते. भोसल्यांच्या अमदानीत नागपूरकडून इकडे नर्मदेकाठी आलेल्या घरांपैकी आमचं एक. बाजारातली भाषा हिंदी झाली, देवघरातली मराठी राहिली. म्हणून तुझ्याशी बोलते आहे ती मराठीत.

यादीतल्या तिघांपाशी अलीकडे माझं वाचन अडतं. बाण घडवणारा कारागीर, साळी कांडणारी मुलगी आणि पिंगळा. दर गुरुवारी संध्याकाळी देवळामागच्या खोलीत मी काही माणसांना श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवते, आणि तिथे हे तिघे माझ्यासमोर येऊन बसतात.

बाण घडवणाऱ्याचं आधी सांगते. तो बाण सरळ करत बसला होता, शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली आणि त्याला पत्ताही लागला नाही. चित्त असं एकाग्र व्हावं, म्हणालास. देवा, आमचं जबलपूर बाण घडवणाऱ्यांचंच गाव आहे. १९०४ साली इथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला, मग खमरियाला दारूगोळ्याचा, मग लष्करी गाड्यांचा, मग ओतकामाचा. कोणाचा ना कोणाचा काका, भाऊ, जावई फॅक्टरीत असतोच. गोळ्यात दारू भरणाऱ्या माणसाला एकाग्रता शिकवावी लागत नाही. तिथे लक्ष ढळलं तर काय होतं ते त्याच्या हातांना माहीत असतं. पाळी संपेपर्यंत तो तसा राहतो. घरी आल्यावर मात्र त्याचं मन थाऱ्यावर राहत नाही. १ ऑक्टोबर २०२१ ला देशातले ४१ आयुध कारखाने सरकारी मंडळातून काढून ७ कंपन्यांत वाटले गेले. माणसं तीच, यंत्रं तीच, गेट तेच. पण ‘आता आपण कोणाचे नोकर’ हा प्रश्न रात्रीच्या जेवणात येऊन बसला. आणि त्याच गेटातून आत जाणारा कंत्राटी मजूर? हा प्रश्न पडण्याइतकीही नोकरी त्याच्याकडे नाही. कंत्राटदार बदलला की तो पुन्हा रांगेत.

असा एक जण आमच्याकडे येतो. पहिल्या दिवशीच म्हणाला, “दीदी, मशीन पे तो ध्यान लगा रहता है. घर पे नहीं लगता.” मी त्याला काय शिकवणार होते? एकाग्रता तू ज्याच्याकडून घेतलीस, त्याच्याच जातकुळीतला तो. स्वारी पुढे निघून गेल्यावर, संध्याकाळ झाल्यावर तो कारागीर घरी गेला असेल. बाणांचे पैसे त्याला वेळेवर मिळाले का, घरी गेल्यावर त्याच्या मनात काय होतं, हे भागवतात नाही. तुला ते ठाऊक असणार. तेवढं मनात धर आणि पुढचं ऐक.

आमच्या खोलीत जे चालतं ते तुला नवं नाही. माणसं बसतात, श्वास येतो-जातो तो पाहतात, मन भरकटलं की त्याला न रागावता परत आणतात. याला आता शिक्षण म्हणतात, प्रशिक्षक असतात, प्रमाणपत्रं असतात. १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग काढला. बुद्धाच्या वाटेवरचं हे लक्ष देणं त्यांनी दवाखान्यात नेलं, आणि तिथून ते माइंडफुलनेस या नावाने शाळांत, कचेऱ्यांत, मोबाइलमध्ये पोहोचलं. इगतपुरीच्या धम्मगिरीवर गोएंका गुरुजींच्या परंपरेतली दहा दिवसांची ध्यानशिबिरं १९७६ पासून शुल्क न घेता चालतात. आमच्या मध्य प्रदेशात तर सरकारनेच २०१६ साली आनंद विभाग काढला. त्याच्या ‘अल्पविराम’ वर्गांत कर्मचारी काम बाजूला ठेवून थोडा वेळ शांत बसतात, स्वतःच्या मनाला विचारतात. आणि या जबलपुरात महाकोशल कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे रजनीश पुढे ओशो म्हणून जगभर गेले. भंवरताल बागेतलं मौलश्रीचं झाड त्यांच्या नावाने ओळखलं जातं. ध्यानाला या गावात तोटा कधीच नव्हता, दत्ता. तोटा होता तो ध्यानाला बसायला मोकळ्या असलेल्या माणसांचा.

कबाट-झिन यांच्या वर्गात घरी रोज पाऊण तास सराव करायला सांगत. इगतपुरीला जायला दहा दिवस लागतात, वर जाण्यायेण्याचे वेगळे. ज्याचा रोज बुडाला की चूल अडते त्याच्यासाठी हे दहा दिवस सबंध महिन्याचा तोल घालवणारे असतात. मी या मोठ्या माणसांना दोष देत नाही. त्यांनी लोकांना खरंच काही दिलं आहे. तुझ्याकडे एवढंच मागते की जे पाऊण तासात मिळतं त्यातलं थोडं या माणसांना नळाला पाणी येण्याच्या आधीच्या सात मिनिटांत मिळू दे.

मिळतंही, हे मी पाहिलं आहे आणि म्हणूनच तुझ्यापाशी हट्ट धरून बसले आहे. आमच्यातली एक जण विड्या वळते. रात्री तेंदूची पानं भिजत घालायची, सकाळी पत्र्याच्या फर्म्याने मापात कापायची, मांडीवर सूप घेऊन बसायचं. डाव्या हातात पान, उजव्या हाताने जर्द्याची चिमूट, बोटांनी वळायचं, टोक नखाने आत दाबायचं, दोऱ्याचे वेढे घालायचे, पुढचं पान. हजारामागे मजुरी. संध्याकाळी सट्टेदार, म्हणजे विड्यांचा ठेकेदार, माल मोजून घेतो, काही विड्या खराब म्हणून बाजूला काढतो, आणि बाजूला काढलेल्यांचे पैसे तिला मिळत नाहीत. तिला मी म्हटलं, मांडी घालून ताठ बसा आणि खोल श्वास घ्या. ती नुसती बघत राहिली. दिवसभर मांडी घालूनच तर ती बसलेली होती. पाठ, मान, गुडघे सगळं त्याच मांडीत धरलेलं. आणि खोल श्वास घेतला की तिला खोकल्याची उबळ येते, कारण वर्षानुवर्षांची जर्द्याची धूळ तिच्या छातीत बसली आहे.

आता ती खुर्चीवर बसते, कधी खोलीभर सावकाश चालते. श्वासाऐवजी तळपाय जमिनीला टेकतात तिकडे लक्ष देते. डोळे मिटत नाही, कारण डोळे मिटले की हिशेब सुरू होतो. आमच्यातल्या आणखी एकीला डोळे मिटायची भीती वाटते. का वाटते ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिलाही डोळे उघडे ठेवून बसू देते. दत्ता, हे एवढं साधं कळायला कुठल्या प्रमाणपत्राची गरज नाही, पण ज्यांच्याकडे प्रमाणपत्रं आहेत त्यांनाही ते कळू दे. जे जे कोणी मजुरांच्या वस्तीत, शिवणकामाच्या शेडमध्ये, अंगणवाडीच्या ताईंसमोर ध्यान शिकवायला जातात त्यांना आधी तिथल्या दुखण्यांची ओळख होऊ दे. पाठ कशाने मोडली आहे, छातीत काय साठलं आहे, संध्याकाळी घरी कोणाच्या हाती सापडायचं आहे, हे जाणून त्यांनी तोंड उघडावं.

विड्या वळणारी ती बाई महिनाभरानंतर एकदा म्हणाली, “दीदी, लड़के पे हाथ उठ रहा था, बीच में थम गया. पता नहीं कैसे.” यापेक्षा मोठा लाभ मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही. उगारलेला हात आणि मुलाचा गाल यांच्या मध्ये जागा झाली. ती जागा तू केलीस, मला माहीत आहे. आता ती बुजू देऊ नकोस.

दुसरी ती साळी कांडणारी मुलगी. आईवडील घरी नव्हते आणि तिला मागणी घालायला पाहुणे आले. त्यांच्या जेवणासाठी ती आतल्या खोलीत साळी कांडायला बसली आणि हातातल्या बांगड्या किणकिणू लागल्या. घरची मुलगी स्वतः कांडते आहे हे बाहेर ऐकू गेलं तर घरचं दारिद्र्य उघडं पडेल, म्हणून लाजून तिने एकेक बांगडी उतरवली, प्रत्येक हातात एकच राहीपर्यंत. मग आवाज थांबला. यातून तू एकांत शिकलास. दोघे एकत्र असले की बोलणं होतं, बरेच असले की भांडण होतं, एकटं राहावं, असं म्हणालास. मला तुझ्याशी वाद घालायचा नाही, गुरू. पण त्या पोरीची लाज तुझ्याही लक्षात राहिली असणार.

या गावात मधल्या मिळकतीची घरं किती आहेत, आणि प्रत्येक घरात कोणी ना कोणी बांगड्या उतरवून बसलं आहे. खासगी शाळेत शिकवणारी बाई सहीच्या रकमेपेक्षा कमी पगार घेते आणि शेजारणीला सांगत नाही. दुकानावर हिशेब लिहिणारा माणूस मुलीच्या कोचिंगची फी भरायला सोनं गहाण ठेवतो आणि लग्नकार्यात म्हणतो, सब बढ़िया. हप्ता थकला की फोन येतो, तेव्हा बाथरूमचा नळ सोडून बोलणारी माणसं मला माहीत आहेत. यांना सरकारी योजनेत गरीब म्हणता येत नाही आणि श्रीमंत तर ते नाहीतच. यांची दुःखं रांगेत उभी राहात नाहीत. आमच्या खोलीत ही माणसं सगळ्यांत उशिरा बोलायला लागतात. मी त्यांना काही विचारत नाही. मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ बऱ्याच आठवड्यांच्या मौनानंतर एवढंच बोलले की महिन्याच्या वीस तारखेनंतर मला राग फार येतो. बाकीच्यांनी माना हलवल्या. कोणी उपदेश केला नाही. त्या मान हलवण्यात तू होतास.

देवा, या लोकांना एकांत नको आहे, तो त्यांच्याकडे भरपूर आहे. त्यांना एकमेकांचा आवाज ऐकू येऊ दे.

आणि पिंगळा. तिचं नाव घ्यायला तू लाजला नाहीस याचा मला अभिमान वाटतो. विदेहनगरीतली ती वेश्या दाराशी उभी राहून पैसेवाल्या गिऱ्हाइकाची वाट पाहायची. आत जायची, बाहेर यायची, मध्यरात्र झाली तरी झोप नाही. शेवटी आशा सोडली आणि सुखाने झोपली. आशा हेच मोठं दुःख, असं तू तिच्याकडून घेतलंस. दत्ता, ही गोष्ट मी खोलीत सांगत नाही. सांगायची भीती वाटते. कारण ज्यांच्याकडे फक्त आशा उरली आहे त्यांना ती सोडायला सांगणारे लोक जगात फार झाले आहेत. मजुरी वाढेल ही आशा सोडा, पेन्शनची आशा सोडा, जे आहे त्यात समाधान माना, श्वास घ्या. अजगराकडूनही तू असंच शिकलास, आयतं येईल त्यावर राहायचं. अवधूताला ते शोभतं. ज्याच्या मुलाची फी सोमवारी भरायची आहे त्याला नाही.

म्हणून मला तुझ्याकडून पिंगळेची झोप हवी आहे, पण आशेसकट. समूहाच्या कर्जाचा हप्ता दर आठवड्याला ठरल्या दिवशी द्यायचा असतो. एकीने चुकवला तर बाकीच्या बायका तिच्या दारात जातात. त्या हप्त्याच्या आदल्या रात्री माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका जाग्या असतात. त्यांना झोप दे. सकाळी उठून त्यांनी हक्काने भांडावं, हिशेबाची वही मागावी, व्याज कसं लावलं ते विचारावं, एवढी ताकद त्या झोपेतून येऊ दे.

लोक म्हणतात, गरिबांना नियोजन जमत नाही, मन स्थिर नसतं, म्हणून गरीब. हे ऐकलं की मला तामिळनाडूतले ते ऊस पिकवणारे शेतकरी आठवतात. अर्थशास्त्र आणि मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी त्यांच्या बुद्धीच्या चाचण्या दोनदा घेतल्या, एकदा उसाचे पैसे हाती येण्याआधी आणि एकदा आल्यावर. २०१३ साली ते छापून आलं. माणसं तीच, डोकी तीच. पैसे आल्यावर त्याच लोकांची बुद्धी अधिक नीट चालली. म्हणजे मन कच्चं नव्हतंच, ते काळजीत अडकलं होतं. हे तुला सांगायला नको. पण जे ताण कमी करायचे वर्ग भरवतात आणि ताण देणारं काम जसंच्या तसं ठेवतात, त्यांच्या कानावर हे तू घाल. चार माणसांचं काम दोघांवर टाकून त्या दोघांना प्राणायाम शिकवला जातो, तेव्हा तिथे तुझं नाव घेतलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. जागा भरल्या जाऊ देत. पगार तारखेला होऊ दे. मग प्राणायाम अवश्य शिकवा, मी स्वतः येईन शिकवायला.

विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला. १९७६ मध्ये त्यांच्या कल्याणासाठी विड्यांवर उपकर बसवला, त्यातून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालल्या. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. कर आणि उपकर तुझ्या कानावर घालायच्या गोष्टी नव्हेत, हे कळतं मला. पण ज्या बाईच्या छातीसाठी मी तुला साकडं घालते आहे तिला आधी क्ष-किरण तपासणी हवी, औषध हवं, मग माझा गुरुवार. विडी कामगाराचं ओळखपत्र हाती असलेल्या प्रत्येक बाईला दवाखान्याचं दार उघडं मिळू दे. जिच्या हाती ते नाही, जी घरीच विड्या वळते आणि कोणाच्याच वहीत नाही, तिचं नाव लिहिणारा कारकून तू धाड.

माझ्यासाठीही मागते. मला बोलणं आवरू दे. शांत बसवायला आलेली बाई फार बोलते असं होऊ नये. कोणी सांगितलं की कालची रात्र वाईट गेली, तर तिला लगेच श्वासाकडे वळवण्याचा मोह मला होऊ नये, आधी ऐकता यावं. आणि एखाद्या गुरुवारी तिघेच आले तर ते तिघेच तू पाठवलेस असं मला वाटू दे.

नर्मदेच्या ग्वारीघाटावर परिक्रमावासी उतरतात, ‘नर्मदे हर’ म्हणतात आणि पुढे चालतात. तुझे भक्त टेंबेस्वामीही याच काठाने हिंडले आणि गरुडेश्वरी देह ठेवला. त्यांच्यासारखं सगळं सोडून निघणं आमच्या नशिबात नाही. आम्हांला या गावातच, याच भाड्याच्या खोल्यांत, याच पाळ्यांत आणि हप्त्यांत राहून थोडी मोकळी जागा हवी आहे. ती दे.

आणि पुढच्या गुरुवारचं सांगून ठेवते. सट्टेदार माल घ्यायला हल्ली पाच वाजता येतो, आमचीही वेळ तीच आहे. त्याने साडेतीनला यावं, निदान या एका दिवशी, ही बुद्धी त्याला दे. कंत्राटी पाळीतल्या त्या मुलाला तीन महिन्यांची थकबाकी मिळायची आहे, ती मिळू दे. जमल्यास आधीची दोन वर्षं बुडालेला बोनसही. शाळेतल्या बाईंना मी विचारलं आहे, येता का म्हणून. त्या म्हणाल्या, बघते. त्यांना घेऊन ये. खोलीतला पंखा मी दुरुस्त करून घेईन, ते माझ्याकडे लागलं.